ओ न देणारी

शाळेच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या मुलीला ऐकू येत नसावं," तेव्हा कानावरचा हेडफोन उतरवून मला जेमतेम अर्धा तास झाला असेल. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. पुणे, विजापूर, गुलबर्गा, कुठून कुठून आवाज यायचे आणि माझ्या कानातून पुढे जायचे. कोण रडवेलं बोलतंय, कोण थापा मारतंय, हे मला नुसत्या 'हॅलो'वरून कळायचं. असे कान घेऊन दिवसभर पोट भरणारी मी, आणि माझ्याच पोटची पोर बहिरी म्हणे.

"खात्री आहे का तुमची?" मी विचारलं. माझा आवाज चढला असणार, कारण बाई एक पाऊल मागे सरकल्या. माझ्या नाकावर राग तेव्हाही होता, अजूनही आहे.

"हजेरीला नाव घेते, ओ देत नाही. पाठीमागून हाक मारली तर मान वळवत नाही. समोर बसून बोललं तर थोडंफार बोलते. नाहीतर दाराकडं बघत बसून राहते." बाई भल्या होत्या, हळू आवाजात बोलत होत्या. "एवढी वर्षं लहान मुलांत काढली मी. कानाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या."

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात दोन खोल्यांत राहायचो. नवरा अकलूजच्या एका साखर कारखान्यात कारकून होता. शनिवारी संध्याकाळी एसटीनं यायचा, धुणं टाकायचा, सोमवारी पहाटे परत. सासूबाई वळसंगला, शेतावर. शहरात त्यांचा जीव रमायचा नाही. म्हणजे मुलगी आणि मी अशा दोघीच, आणि माझी ड्यूटी तर आज सकाळची, उद्या दुपारची, परवा तिसरीच. लेकराला सांगायला एक धड वेळसुद्धा माझ्याजवळ नव्हती.

मुलीचं नाव इथं लिहीत नाही. आता ती स्वतः मोठ्या मुलांची आई आहे, आणि तिचं नाव घेणं मला तसंही जड जातं. का जातं, ते पुढं कळेल.

ती सहा महिन्यांची असल्यापासून गल्लीच्या तोंडाशी एका विणकराच्या घरी राहायची. घर तेलुगू. पुढच्या खोलीत चादरींचे दोन माग, मागच्या खोलीत चूल आणि संसार. त्या घरातल्या बाईला आम्ही मावशी म्हणायचो. वयानं ती माझ्याएवढीच, पण हाताला मोठी माया. चरख्यावर सुताच्या कांड्या भरता भरता ती पोरीला मांडीवर घ्यायची, पायानं झोळीला झोका द्यायची. संध्याकाळी मी पोरीला घरी आणायची ती केसांत सुताचा भुगा घेऊनच. विंचरून काढला तरी उशीवर सापडायचाच. पोर धष्टपुष्ट होती, हसरी होती. माझी तक्रार नव्हती.

एकच कटकट होती, सकाळची. मी निघाले की पोर आकांत मांडायची. असा हंबरडा की मागावरचा माणूस माग थांबवून बाहेर यायचा. मग मी तेच शिकले जे एक्स्चेंजमधल्या सगळ्या आया करायच्या. आमच्या विश्रांतीच्या खोलीत चहा पिता पिता हेच शिक्षण चालायचं. लेकराच्या डोळ्यांदेखत निघायचं नाही. चपला आदल्या दिवशीच शेजारी ठेवायच्या. पर्स दिसू द्यायची नाही. घरच्या पातळावरच निघायचं आणि ऑफिसात साडी बदलायची. वेणीत गजरा नाही, तोंडाला पावडर नाही. एक जण तर टाचांवर चालत निघायची म्हणे, जोडवी वाजतात म्हणून. आम्ही खो खो हसायचो. आणि शेवटचा उपाय सगळ्यांचा एकच. सांभाळणारीनं लेकराचं नाव घेऊन लाडानं हाक मारायची, तिकडं बघ काऊ आला, तिकडं बघ माऊ आली. लेकरू वळलं की आईनं सटकायचं.

मावशी यात तरबेज झाली होती. पोरीचं नाव असं काही गोड ओढून घ्यायची की मलाच वळून बघावंसं वाटायचं. "अटु चूडु," म्हणायची, तिकडं बघ, "काकि आलं," कावळा आला. पोरगी वळायची. मी गल्लीच्या बाहेर. मागून रडणं आलं तरी मागाच्या खटखटीत ते विरून जायचं, आणि मी स्वतःला सांगायची, बघ, रडलीसुद्धा नाही. किती सोपं करून टाकलं आम्ही ते, असं वाटून मला मावशीचं कौतुक वाटायचं, आणि माझंही.

शाळेच्या पहिल्या दिवशीही तेच झालं. सात रस्त्याच्या अलीकडे एका बैठ्या घरात बालवर्ग भरायचा. खिडकीच्या गजांना धरून आया उभ्या, आत लेकरांचा कल्लोळ. मला ड्यूटी होती. बाई मला डोळ्यांनी खुणावून म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं, मी तिला गुंतवते." आणि त्यांनी भिंतीवरच्या पोपटाच्या चित्राकडं बोट करून पोरीला नावानं हाक मारली. मी निघाले. वाटलं, चला, सुटलो.

आता त्याच बाई सांगत होत्या की ती हाकेला ओ देत नाही.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी पहिल्यांदा पोरीला मागून हाक मारली. खरं सांगायचं तर तोवर कधी तशी वेळच आली नव्हती. दोन खोल्या, आणि मी घरात असले की ती सतत पदराला धरून. हाक मारायची कुणाला? त्या दिवशी ती मोरीच्या उंबऱ्यावर बसली होती, माझ्याकडं पाठ करून. मी नाव घेतलं. नाही वळली. पुन्हा घेतलं, मोठ्यानं. नुसते खांदे आखडल्यासारखे झाले, पण मान वळली नाही. मी तिथंच भिंतीला टेकून बसले.

मग मला एकदम सगळं कळल्यासारखं झालं. माग. चार वर्षं त्या मागांच्या आवाजात माझं लेकरू झोपलं, खेळलं. मोठ्या माणसाच्या डोक्यात घण बसतात तिथं, आणि हिचे तर कोवळे कान. त्या घरात कुणी कुणाला हाकसुद्धा मारत नाही. पाणी हवं तर अंगठा ओठाला लावायचा, जेवायला बोलवायचं तर हाताचा घास करून दाखवायचा, कुणाचं लक्ष वेधायचं तर खांद्याला हात लावायचा. ओठ बघून बोलणं ओळखतात ती माणसं. माझी पोरही ओठ बघूनच बोलत असणार, आणि मला वेडीला वाटत होतं, काय लक्ष देऊन ऐकते माझी बाय.

दुसऱ्या दिवशी मी मावशीच्या दारात जाऊन नको नको ते बोलले. तुझ्या घरानं माझी पोर खाल्ली, इथपर्यंत बोलले. मावशीनं चरखा थांबवला. "माझे तीन लेकरं ह्याच्यातच झाले," ती म्हणाली. "सगळ्याला ऐकू येतंय की."

"तुझ्या लेकरांचं तू बघ," म्हटलं, आणि पोरीला काखेत मारून निघाले. पोर मावशीकडं हात करत होती. मी तो हात खाली ओढला.

वळसंगला निरोप गेला तशा सासूबाई पुढच्याच एसटीनं आल्या, ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून. आल्या आल्या पोरीला समोर घेऊन, पाठमोरी करून, मराठीत हाक मारली, कानडीत "बा इल्लि", इकडं ये, म्हटलं, मावशीकडून ऐकलेलं तेलुगूही करून बघितलं. नुसतं "बा इल्लि" म्हटलं तेव्हा पोर हलल्यासारखी वाटली. नाव घेतलं की दगड.

"कुठल्याच भाषेत ओ देईना की गं," सासूबाई म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला. रात्रीची भांडी घासून झाल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. वाईट बोलल्या नाहीत. वाईट बोलल्या असत्या तर मी दोन हात केले असते. "हे बघ, तुला मी आजवर काय बोलले न्हाय. शिकलेली हायस, चार माणसांत काम करतीस, चांगलं हाय. पण आता लेकराचं बघाया पाहिजे. डॉक्टर काय म्हंतो ते बघू. कान गेला असंल तर एक तू नोकरी सोड, न्हायतर पोर मला दे. मी वळसंगला नेते. तितं माग न्हाय, मोटार न्हाय. शेतात पाखरं तेवढी हायत."

शनिवारी नवरा आला. तो चहाच्या बशीत बघत म्हणाला, "आई म्हणते त्यात चूक काय आहे?" लग्न झाल्यापासून त्या माणसानं मला एकदाही नोकरी सोड म्हटलं नव्हतं. तेव्हाही म्हणाला नाही. नुसतं चूक काय म्हणाला. चूक कुठंच नव्हती. इकडे आड तिकडे विहीर, आणि मधे ती उभी, कुणाच्याच हाकेला न वळणारी.

आमच्या घराण्यात दहावीच्या पुढं शिकलेली मी पहिली. बोर्डासमोर बसले, दोन हातांनी लाइन जोडायच्या कॉर्डी लावायला लागले की मी कुणाची बायको नसायची, कुणाची सून नसायची. ती खुर्ची सोडायची म्हटलं की श्वास कोंडायचा. आणि पोर वळसंगला द्यायची म्हटलं की त्याहून जास्त कोंडायचा. एका हातात एक असं धरून मी ते दिवस काढले.

सरकारी दवाखान्यात कानाचे डॉक्टर वयस्कर होते. मी, सासूबाई आणि पोर. त्यांनी कानात बॅटरी मारून बघितलं आणि मग पोरीला माझ्याकडं तोंड करून स्टुलावर बसवलं. स्वतः मागं गेले. आगपेटी हलवली. पोरीनं मान वळवली. किल्ल्यांचा जुडगा लांबून वाजवला. वळली. मग त्यांनी भिंतीपाशी उभं राहून, मला जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू विचारलं, "गोळी पाहिजे का लिमलेटची?" पोरीनं मागं न बघताच मान हलवली, पाहिजे.

सासूबाईंनी हात जोडले.

"नाव काय हिचं?" डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी तिथूनच, तसंच, नाव घेऊन हाक मारली.

पोर वळली नाही. आगपेटीला वळलेली, किल्ल्यांना वळलेली माझी पोर नावाला वळली नाही. तिचे डोळे माझ्यावर खिळले. दोन्ही मुठींत माझा पदर गच्च धरला आणि पापणीसुद्धा न हलवता ती माझ्याकडं बघत राहिली. डॉक्टरांनी पुन्हा नाव घेतलं तशी तिनं पदराला मनगटाभोवती आणखी एक वेढा दिला.

"कान ठणठणीत आहेत, बाई," डॉक्टर म्हणाले. "ऐकू सगळं येतंय. ओ द्यायची नाही तिला. का, ते मात्र मी सांगू शकत नाही."

बाहेर आवारात कडुनिंबाखाली आम्ही बसलो. मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी रागच आला. एवढे दिवस जीव टांगणीला लावला होता या पोरीनं. मी तिचे दंड धरून समोर उभी केली. "ऐकू येतंय ना? मग ओ का देत नाहीस? सगळी तुला बहिरी म्हणायला लागली. का वळून बघत नाहीस?"

ती माझ्या गळ्यातल्या मण्यांशी खेळायला लागली. मग म्हणाली, "बगितलं की तू नसतीस."

सासूबाईंना नीट कळलं नाही. "काय म्हंतीया?" त्यांनी विचारलं. मला कळलं होतं.

चपला लपवल्या, पर्स लपवली, साडी लपवली. मी निघणार हे तिला कळावं अशी एक एक खूण आम्ही पुसून टाकली होती. एकच राहिली होती, तिचं नाव. कुणीतरी गोड आवाजात तिचं नाव घेतलं म्हणजे आई चालली. मावशीनं घेतलं तरी, बाईंनी घेतलं तरी, आजीनं घेतलं तरी. ते नाव मी हौसेनं ठेवलं होतं. बारशाला तिच्या कानात पहिल्यांदा तेच पडलं होतं. त्याच्याशी तिनं एकटीनं, कुणाला न सांगता, हा असा झगडा मांडला होता. वळायचं नाही. जोवर आपण बघतोय तोवर आई आहे.

त्या आठवड्यात मी बोर्डावर कशी बसले ते मला सांगता येणार नाही. लाइन लागत नसली की पलीकडचं माणूस ओरडत राहतं, हॅलो, हॅलो, अहो ऐकू येतंय का. मला ते ऐकवेना. नंबर विचारायची आणि उत्तर ऐकायचीच नाही. अजूनही तसंच आहे. रस्त्यात कुणी लेकराला गोड हाक मारली, की मी लेकराकडं बघत नाही, मागून कोण निघालंय ते बघते. बहुतेक वेळा कुणीच निघालेलं नसतं. तरी बघते. आणि रात्री घरात सगळं शांत झालं की मला ते आखडलेले खांदे दिसतात, मोरीच्या उंबऱ्यावरचे. तिनं ऐकलं होतं. मी मोठ्यानं दुसऱ्यांदा हाक मारली तेही ऐकलं होतं. मी स्वतःच हाक मारतेय म्हटल्यावर आता काय काय नाहीसं होणार, असं वाटलं असेल तिला.

मावशीची मी माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे," आणि पोरीला मांडीवर घेतलं. नावानं हाक मारली नाही, हात पुढं केला फक्त.

दवाखान्यातून आलो त्या संध्याकाळीच प्रश्न उभा राहिला, उद्याचा. सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "म्हंजे आता सांगून जाणार तू? आगं, सांगितलं तर दारातच लोळंल की ती."

"लोळू दे. पण चोरून जाणार नाही."

"आन् तुझं ऑफिस? रोज तासभर उशीर चालंल?"

चालणार नव्हता. उशीर झाला की ऑफिसातल्या सुपरवायझर बाई लगेच लिहून घ्यायच्या, आधीच मला दोनदा समज मिळाली होती. सासूबाई गाठोडं बांधता बांधता म्हणाल्या, "उद्या मी येते शाळंपातूर. शांत ऱ्हायली तर मी एकटीच जाते गावाला. न्हाय ऱ्हायली तर तिला घिऊन जाते. मग तू मला आडवू नको." मी हो म्हटलं.

सकाळी मी तिच्यासमोर साडी नेसले. तिच्यासमोर पर्स घेतली, चपला घातल्या. ती एक एक गोष्ट बघत होती. वाटभर तिनं माझं बोट सोडलं नाही. सासूबाई मागून येत होत्या, काखेला गाठोडं. त्यात त्यांनी पोरीचे दोन झगेही घातले होते, ते मी बघितलं होतं.

शाळेच्या दारात मी खाली बसले, तिच्या तोंडासमोर तोंड आणलं. आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. पण त्या दिवशी मला आडवळणाचं काहीच बोलायचं नव्हतं. "मी ड्यूटीला जाते आहे," म्हटलं. "तू शाळेत बसायचं. सुटली की मी इथंच, या दारात असेन. आता जाते. तुझ्यासमोरून जाते."

ती बघत राहिली. मीही उठेना. उठावं कसं, ते मला कळतच नव्हतं. लेकरू बघत नसताना पाठ फिरवणं किती सोपं असतं, आणि चार वर्षं मी तेवढंच करत आले होते. समोरून मला एक पाऊलही टाकता येईना. रस्त्यापलीकडं सासूबाई उभ्या होत्या. आत घंटा झाली. बाई दारात आल्या, आणि सवयीनं तिचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तर मी हातानं त्यांना थांबवलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिच्या नाही, माझ्या.

तिनं माझ्या गालावरचं पाणी बोटानं पुसलं. मग माझ्या चपलांकडं बघितलं, पर्सकडं बघितलं. माझा पदर तिच्या मुठीत होता, तो तिनं सोडला.

"जा तू," ती म्हणाली. "मी तिकडं बगते."

आणि माझ्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून ती उभी राहिली, मला जाता यावं म्हणून.